ओलं फडकं आणि तिरपी बॅटरी

तळोज्याला नझीरशेठच्या दगडाच्या गोडाऊनमध्ये मी नावाला वॉचमन होतो. माझा पगार निघायचा तो बिघडलेल्या मालावर.

म्हणजे असं, की कंटेनर भरून लाद्या आल्या की त्यातल्या चार-पाच डागी निघणारच. एखादीला केसाएवढी चीर, एखादीवर तपकिरी शिंतोडे. अशा लाद्या मागच्या भिंतीला टेकवून ठेवायच्या. गिऱ्हाईक चांगला माल आणि त्याचे भाव बघून दमलं, की शेठ हाक मारणार, "नामदेव, पावण्यांना जरा मागचं दाखव. मी चहा सांगतो."

मग मी स्टूल ओढायचो. "साहेब, चीर नाय ही. वीज हाय. डोंगरात दगड होता तवा वीज पडली त्याच्यावर. एकदा पडली ती पडली, आता ज्या घरात हा दगड त्या घराकडं वीज बघनार पन नाय." शिंतोड्यांची गोष्ट वेगळी. तो दगड काजूच्या झाडाखाली शंभर वर्षं पडून होता, बोंडांचा रस प्यायला, पावसाळ्यात नाक लावा, वास येतो. खारघरच्या एका डॉक्टरीणबाईंनी ती लादी स्वयंपाकाच्या ओट्याला नेली आणि जुलैत शेठला फोन करून सांगितलं, की खरंच येतो हो वास. त्या दिवशी शेठ हसून हसून खुर्चीतून घसरले होते.

मी मूळचा उरणकडचा, मिठागरातला. नझीरशेठ श्रीवर्धनचे कोकणी मुसलमान. आमच्याकडं पॉलिशचं मशीन चालवायचा तो ज्ञानू, खटावचा. वाशीच्या मार्केटात पोती उचलून पाठ गेली म्हणून दगडात आला आणि सव्वीस वर्षं राहिला. शेठ आणि तो दुपारी एकाच टेबलावर डबा खायचे. शेठचा रमीज आणि ज्ञानूचा यशराज दोघंही याच गोडाऊनमधल्या दगडाच्या चिखलात खेळून मोठे झाले. पुढं रमीज बापाचा धंदा बघायला लागला, यशराज लाद्या मोजून त्यांच्यावर खडूनं नंबर टाकायचा. पोरगं तेवीस वर्षांचं, पण माझ्या गोष्टींना पहिलं गिऱ्हाईक तेच. "काका, आज कुठला डोंगर?" असं विचारल्याशिवाय त्याचा खडू हालायचा नाही.

माझ्या गोष्टींना न हसणारं माणूस एकच. यशराजची आई, राहीबाई. खांदेश्वरहून कधी डबा घेऊन यायची, कोपऱ्यात उभी राहून ऐकायची. साक्ष ऐकावी तशी. आणि महिन्याभरानं मी तीच गोष्ट दुसऱ्या गिऱ्हाइकाला सांगत असलो की म्हणायची, "दादा, मागल्या बारीला झाड फणसाचं व्हतं." गिऱ्हाईक उठून जायचं. शेठ तिला म्हणायचे, "वहिनी, तुम्ही आलात की माझं नुकसान होतं." ती म्हणायची, "इचारलं म्हनून काय झालं? झाड येकच असतंय."

त्या कंटेनरची गोष्ट आता सांगतो.

माल आफ्रिकेच्या वरच्या टोकाकडून आला होता. ओल्या मातीच्या रंगाचा दगड, शेठनं पहिल्यांदाच मागवलेला. उरणच्या बंदरात कागदासाठी अडकला, मग एका संध्याकाळी आमच्या अंगणात येऊन उभा राहिला. सील उद्या तोडायचं होतं. यशराजनं पत्र्यावर टकटक केलं आणि विचारलं, "काका, यात काय?"

मी तोवर त्या दगडाचा कपचाही पाहिला नव्हता. पण विचारल्यावर गप्प बसणं मला येत नाही. म्हटलं, "तारे हायेत."

"दगडात?"

"समुद्रात पडलेले. आनि फुलं. आमच्या मिठागरात उघाडीच्या दारातून भरतीचं पानी घेतलं ना, तवा यायचे. दोऱ्यासारखी पाच बोटं. हातात घेतला की एक बोट तुटून हातातच, बाकीचा पळाला. ते जिकडनं यायचे तिकडचा दगड हाय हा." बोटं टाकणारा तो प्राणी लहानपणी मी खरंच पाहिला होता. बाकी सगळं तिथल्या तिथं रचलं.

"मग उद्या दिसतील?"

"असे कसे दिसतील? लादीला अंग लावून उभं राहायचं, ओलं फडकं मारायचं आनि बॅटरी तिरपी धरायची. मग दिसतात."

ही तिरप्या बॅटरीची युक्ती ज्ञानूची. लादीतली बारीक चीर समोरून दिसत नाही. दगड ओला करून बाजूनं उजेड टाकला की काळी रेघ उठते. गोष्टीत अशी एखादी खरी खुंटी मारली की बाकीचं तिच्यावर टांगता येतं.

दुसऱ्या दिवशी सील तुटलं. कंटेनरमध्ये लाद्या उभ्या असतात, लोखंडी चौकटीला टेकलेल्या, आणि हलू नयेत म्हणून बाजूच्या पत्र्याशी लाकडी पाचरी ठोकलेल्या. पाचरी काढायच्या, लाद्यांना पट्टा लावायचा आणि क्रेननं एक एक जोडी बाहेर. ज्ञानूचा नियम होता आणि तो त्यानं आपल्या पोराच्या टाळक्यात लहानपणीच ठोकला होता, की पाचर निघाली की लादी आणि पत्रा यांच्यामधल्या फटीत शिरायचं नाही. देव आला तरी नाही.

डावीकडच्या पाचरी निघाल्या होत्या. क्रेनवाला अजून कळंबोलीच्या सिग्नलला होता. ज्ञानू आणि हेल्पर पट्टे आणायला मागं मशीनकडं गेले. शेठ जुम्म्याच्या नमाजाच्या तयारीत, आत ऑफिसात. रमीज ट्रेलरच्या ड्रायव्हरच्या कागदावर सही करून, त्याला पुढं केबिनकडं पाठवून वळत होता. मी दारातल्या माझ्या स्टुलावर.

यशराज बॅटरी घेऊन आला. "काका, फडकं?"

मी माझ्या पंच्याचं टोक टर्रकन फाडलं, पिंपात बुडवलं आणि त्याच्या हातात दिलं.

तो फटीत शिरला. मी बघत होतो. मी हसत होतो. ओरडलो, "दिसले का रं?"

आतून आवाज आला, "थांबा की काका!"

तेवढ्यात रमीजनं पाहिलं. "यश! बाहेर ये! पागल झाला काय?" म्हणत तो पळत आत घुसला. मला त्याची पाठ दिसली आणि यशराजच्या कॉलरवर पडलेला त्याचा हात दिसला.

आवाज मोठा झाला नाही. कुणीतरी जाड पुस्तक मिटावं तसा.

लाद्या उचलायला दीड तास लागला. उचलल्यावर रमीजची मूठ तशीच होती, कॉलर धरलेली. दवाखान्यात ती सोडवावी लागली.

संध्याकाळी पोलीस आले. साहेबांनी मला विचारलं, तू कुठं होतास. मी म्हटलं, "मी चहाला गेलो होतो." चार शब्द. जन्मात मी सांगितलेली ही पहिली गोष्ट, जिच्यात ना झाड होतं, ना वीज, ना समुद्र. कुणी एक प्रश्न विचारला नाही. लगेच लिहून घेतली.

अपघात म्हणून कागद मिटला. पण मुठीत धरलेली ती कॉलर मिटेना. ज्ञानूचं म्हणणं, "शेठचं पोरगं आत बोलावतंय तवाच चाकराचं पोरगं आत जातंय. न्हाईतर माझा यश त्या फटीत पाय घालनार न्हाई. मीच शिकवलंय त्याला. कॉलर धरून आत वडलाय." नझीरशेठचं म्हणणं, की माझा रमीज बाहेर उभा होता, सही करत होता, तुझ्या पोरानं काहीतरी अक्कल पाजळली आणि माझ्याला खेचून नेला. तोंडावर दोघं बोलले नाहीत. दोघंही मला सांगायचे, वेगवेगळे. मी दोघांपुढं मान हलवायचो. दुपारचे डबे दोन टेबलांवर गेले आणि पुढं ज्ञानूचा डबा यायचाच बंद झाला.

रमीजचा चाळिसावा दिवस झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी ज्ञानू आणि राहीबाई गोडाऊनवर आले. किल्ली द्यायला आणि हत्यारं घ्यायला. खोलीतलं सामान बांधून झालं होतं, संध्याकाळी कळंबोलीहून खटावची गाडी. ज्ञानू परत येणार नव्हता. शेठ ऑफिसच्या दारात पाठमोरे उभे होते.

आणि मागच्या अंगणात शेठची मुलगी इक्रा ताडपत्री बाजूला करत होती. ही कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकते. शेठनं त्या फुटक्या लाद्यांना कुणाला हात लावू दिला नव्हता. ज्या दगडाखाली भाऊ गेला तो दगड तिला एकदा बघायचा होता. तिनं पाण्याचा पाइप सोडला, चिखल धुतला आणि एकदम खाली बसली.

"अब्बा," तिनं हाक मारली. मग जरा मोठ्यानं, "अब्बा, इकडे या. सगळे या."

एका लादीचा वरचा पापुद्रा आपटून निघाला होता. खालच्या अंगावर सकाळचं ऊन बाजूनं येत होतं. तिरपं. आणि तिथं फुलं होती. लांब देठाची, पाकळ्या वर ओंजळीसारख्या मिटलेल्या. त्यांच्या बुंध्याशी, मधे, अंगावर, पाच बोटांचे तारे. दोऱ्यासारखी बोटं. मिठागरातले.

मी पिंपाला धरून उभा राहिलो. आयुष्यभर हजार थापा मारल्या आणि नेमकी हीच खरी निघाली होती.

"फुलं नाहीत ही," इक्रा म्हणाली. ती कुणाशी बोलत नव्हती, वर्गात पाठ म्हणावा तसं म्हणत होती. "प्राणी आहेत. देठावर उभे राहून हातांनी खाणारे. आणि हे दुसरे, यांना ठिसूळ तारे म्हणतात. पंचेचाळीस कोटी वर्षांपूर्वीचे असतील. असे एकत्र, अख्खे, मिळतच नाहीत. मेल्यावर दोन-तीन दिवसांत यांचे तुकडे होऊन विखरून जातात. इथं एकाचं बोटसुद्धा हललेलं नाही. म्हणजे जिवंत होते आणि वरून गाळ कोसळला. एकदम. कुणाला सुटायला वेळ..."

तिथं तिला कळलं आपण काय बोलतोय. पाइपचं पाणी तेवढं वाहत राहिलं.

ज्ञानू वाकला. त्याचं बोट एका ताऱ्यावर गेलं. त्या ताऱ्यानं दोन बोटांनी एका देठाला विळखा घातला होता. घट्ट.

"ह्यो त्याला वडतोय, का धरून हाय?" ज्ञानूनं विचारलं.

"दगडावरून ते सांगता येत नाही, काका."

"येत न्हाई न्हवं? मंग झालं तर." तो उठला, कमरेला हात लावून, म्हाताऱ्यासारखा. "चल गं राही. किल्ली ठेवली हाय टेबलावर."

शेठ मागं येऊन पाठमोरेच उभे होते, ते वळले नाहीत. पण म्हणाले, "जाणाऱ्याला सांगा, माझ्या पोराला आत खेचणाऱ्याचं नाव मी रोज नमाजात घेतो."

"आनि मी काय आरती करतूय व्हय?" ज्ञानू उलटून म्हणाला.

तेव्हा मी बोललो. मला वाटतं, मी ओरडलोच. "कुनी कुनाला ओढला नाय! मी धाडला यशला आत. मी."

आणि सांगितलं. सगळं. पत्र्यावरची टकटक, समुद्रात पडलेले तारे, ओलं फडकं, तिरपी बॅटरी. चहाला मी गेलोच नव्हतो. रमीज बाहेर काढायला आत गेला, त्याचा हात बाहेर खेचत होता, मी पाहिला. गोष्ट सांगताना माझे हात फिरतात, आवाज चढतो-उतरतो. ती सवय अशी दोन मिनिटांत जात नाही. मला माझाच आवाज ऐकू येत होता, स्टुलावरचा.

संपल्यावर शेठ वळले, जवळ आले. मग शेठनं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"नामदेव," ते म्हणाले, "बस कर."

"शेठ, खरं हाय."

"आता दगड समोर बघितलास, आणि बघता बघता जोडलंस. मला काय तुझी पद्धत माहीत नाही? चौकीत लिहिलंय, तू चहाला होतास." त्यांनी माझा खांदा दाबला. "आमच्या दोघांची मनं सांधायला स्वतःच्या डोक्यावर खून घेतोस होय रे?"

ज्ञानूनं काय करावं? तो माझ्या पायाशी वाकला. सव्वीस वर्षं ज्याच्या डब्यातली भाकरी मी मागून खाल्ली, तो माणूस माझे पाय धरून रडला. "नामदेवा, येवढं कोन करतंय कुनासाठी?" मी पाय मागं घेत होतो, तो सोडत नव्हता. शेठनं त्याला उठवलं. तिथंच, त्या दगडाशेजारी, दोघांनी एकमेकांना मिठी मारली. मला मधे घेतलं. इक्रासुद्धा तोंडावर ओढणी धरून रडत होती.

डागी माल मी आजवर पुष्कळ खपवला. खरा माल त्या दिवशी पहिल्यांदाच काढला आणि तो कुणी घेतला नाही.

राहीबाई तेवढी लांब उभी होती. तिनं एकच विचारलं, "दादा, फडकं कसलं व्हतं?"

"माझ्या पंच्याचं," मी म्हटलं. "निळ्या चौकटीचं."

तिनं पदर खांद्यावर नीट केला. ज्ञानूला म्हणाली, "आजची गाडी ऱ्हाऊ द्या." सगळ्यांना वाटलं, तिचंही मन वळलं.

दुसऱ्या दिवशी तिनं मला बोलावणं पाठवलं. ज्ञानू कामावर आला होता, शेठबरोबर डबा उघडत होता, तेव्हा मी खांदेश्वरला स्टेशनमागच्या त्यांच्या खोलीत गेलो. बांधलेली बोचकी अजून तशीच होती. राहीबाईनं दार लोटून घेतलं आणि दवाखान्यातून आलेली प्लास्टिकची पिशवी माझ्यासमोर उपडी केली. फुटकं घड्याळ. खडूचे दोन तुकडे. आणि एक फाटकं टोक. निळ्या चौकटीचं, वाळून कडक झालेलं.

"त्याच्या हातात व्हतं," ती म्हणाली. "चाळीस दिस इचार करतीय, ह्ये कुनाचं. आमच्या घरात असला पंचा न्हाई."

मी खाली बसलो. "मी चौकीत जातो वहिनी. सांगतो."

"तितं कोन ऐकनार? घरच्या मान्सांनी ऐकलं का?" ती माझ्यासमोर मांडी घालून बसली. "मला सांगा."

"काल सांगितलं की."

"काल हात हालवत व्हता. आज हात मांडीवर ठिवा आनि सांगा."

मी हात मांडीवर ठेवले आणि सांगितलं. कागद वाचावा तसं. ती मधे बोलली नाही. संपल्यावर म्हणाली, "उद्या याच येळंला या."

"कशाला?"

"ह्येच सांगायला. रोज यायचं. येक बी शबुद हिकडचा तिकडं न्हाई."

"किती दिवस?"

"माझा यश किती दिसांनी येनार हाय?"

तेव्हापासून मी जातो. लादीचा एक तुकडा इक्राच्या सरांनी नेला, दुसरा मागच्या भिंतीला टेकलेला आहे. गिऱ्हाइकं त्याच्यासमोर थांबतात. शेठ हाक मारतात, "नामदेव, सांग की काहीतरी." मी म्हणतो, भाव शेठला विचारा. डागी माल सगळा पडून आहे.

दुपारी खांदेश्वर. ज्ञानूला वाटतं, मी वहिनीचं मन रमवायला जातो. त्याला त्याचं फार अप्रूप आहे. शेजारणींना सांगतो.

गोष्ट रोज तीच सांगायची, हे काम किती कठीण हे दुसऱ्या कुणाला कळायचं नाही. जीभ आपोआप वळते. एकदा माझ्या तोंडून निघून गेलं, की रमीजनं कॉलर धरली आणि त्याला जवळजवळ बाहेर काढलाच होता. राहीबाई तांदूळ निवडत होती. हात थांबला.

"जवळजवळ काल न्हवतं."

"नव्हतं," मी म्हटलं.

"मंग पयल्यापास्नं."

पहिल्यापासून सांगितली. जवळजवळ काढून टाकला.

काल मी संपवली आणि उठायला लागलो, तर तिनं विचारलं, "दादा, त्यो आतनं थांबा की काका म्हनला. तवा हसत व्हता?"

हे मी कधीच सांगितलं नव्हतं. पोलिसांना नाही, शेठला नाही, तिलाही नाही. त्याच्या आवाजात हसू होतं. बॅटरीचा उजेड पत्र्यावर नाचत होता आणि तो आत हसत होता, कारण मी बाहेर हसत होतो. आणि थांबा म्हणण्याआधी तो आणखी एक शब्द बोलला होता, तो मी रोज गिळायचो. तो म्हणाला होता, "दिसतंय! थांबा की काका!"

मी तिला ते सांगितलं. हात मांडीवर ठेवून.

राहीबाईनं ताटातल्या तांदळात बोट फिरवलं. एक खडा बाजूला काढला.

"उद्यापास्नं त्ये बी घ्यायचं," ती म्हणाली.